एका आठवड्याची ठेव

(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि "आयटीबद्दल फार बोलू नकोस" असंही बजावलं आहे. मराठीच्या बाई माझ्या मागेच बसल्या आहेत, त्यामुळे व्याकरणही सांभाळायचं आहे. तेव्हा मुद्द्यावर येते.

आज जेवणानंतर आपली एक छोटी बैठक आहे. तुकडीने जमवलेल्या निधीचं काय करायचं, ते तिथे ठरणार आहे. प्रवेशद्वाराची कमान, आणखी एक डिजिटल वर्ग, आणि शाळेच्या वार्षिक सप्ताहासाठी कायमची ठेव, अशा तीन सूचना आल्या आहेत. तिसरी सूचना माझी आहे. ती का केली, हे सांगण्यासाठी मी विद्यापीठातल्या अशाच एका आठवड्याबद्दल बोलणार आहे.

आपला सप्ताह तुम्हाला वेगळा सांगायला नको. डिसेंबरात सोमवारी मैदानावर फक्की पडली की वह्यापुस्तकं बाजूला. दोन दिवस खेळ, एक दिवस विज्ञान प्रदर्शन, मग रांगोळी, हस्ताक्षर, वक्तृत्व, शुक्रवारी आनंद बाजार, शनिवारी रात्री नाटक आणि नाच, आणि शेवटी बक्षीस समारंभ. आनंद बाजारातली आपल्या वर्गाची भेळ कशी झाली होती, हे कुणी काढू नये.

1998 साली मी अभियांत्रिकीला गेले. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होतं. 1962 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर असे चार जिल्हे होते. सोलापूरला वेगळं विद्यापीठ 2004 मध्ये झालं. आमच्या वर्गात पुण्या-मुंबईची मुलंही होती आणि पहिल्या वर्षाचं सगळं शिकवणं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांचं पहिलं सत्र मान खाली घालून गेलं. शंका विचारायची तर आधी वाक्य मनात जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत सर पुढच्या फळ्यावर गेलेले असायचे.

दुसऱ्या वर्षी सूचनाफलकावर युवक महोत्सवाची नोटीस लागली. कलाप्रकारांची यादी बघूनच मी चकित झाले. शास्त्रीय गायन, सुगम गायन, समूहगीत, लोकवाद्यवृंद, लोकनृत्य, एकांकिका, लघुनाटिका, मूकनाट्य, नकला, वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजुषा, स्थळचित्रण, व्यंगचित्र, मातीकाम, कोलाज, रांगोळी. मला यातलं काहीच खास येत नव्हतं. पण मूकनाट्याच्या संघाला संगीताची कॅसेट चालवणारं कुणीतरी हवं होतं, आणि "टेपरेकॉर्डर कुणाला चांगला कळतो?" या प्रश्नावर माझा हात वर गेला. शाळेच्या गॅदरिंगला पडद्यामागे तेच तर काम केलं होतं. चित्रकलेच्या सरांनी मला पेन्सिलीने कॅसेट फिरवून गाण्याची सुरुवात नेमकी पकडायला शिकवलं होतं. आज तरुण मुलांना कॅसेट आणि पेन्सिलीचा संबंध सांगावा लागतो. आपल्याला नाही.

मूकनाट्याला पाच मिनिटं मिळतात. लघुनाटिकेला दहा, एकांकिकेला तीस, रांगोळीला अडीच तास. वेळ संपली की घंटा वाजते, आणि त्या घंटेपुढे कुणाचं काही चालत नाही. पाच मिनिटांच्या त्या प्रयोगासाठी आम्ही दीड महिना रोज रात्री मेसच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम केली. विषय होता एसटी स्टँडवरची गर्दी. सहा जणांनी एकही शब्द न बोलता सगळा स्टँड उभा करायचा आणि मी बरोबर त्या क्षणाला कंडक्टरची घंटी, गाडीचा घरघराट, पाऊस असे आवाज द्यायचे. मी वहीत सेकंदांचा तक्ता केला होता. कुठल्या हालचालीला कुठला आवाज, किती वेळ, आणि हालचाल उशिरा झाली तर काय करायचं. पुढे नोकरीत मी अनेक मोठमोठी नियोजनं केली, पण त्या वहीच्या पानाइतकं नेटकं नियोजन माझ्या हातून फारसं झालेलं नाही.

जिल्हा फेरीतून आम्ही मध्यवर्ती महोत्सवाला गेलो. तो सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होता. लाल डब्यातून रात्रभर प्रवास, पहाटे पोहोचलो तर वर्गखोल्यांतली बाकं बाजूला सारून सतरंज्या टाकलेल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात जेवणाची कूपनं. शेजारच्या खोलीत कराडचा लोकनृत्याचा संघ, त्यापलीकडे आणखी एका कॉलेजातली मुलं. दिवसभर कुठेतरी हलगी वाजत असायची, कुठे तानपुरा लागत असायचा, आणि व्हरांड्यात कुणीतरी एकटंच भिंतीकडे तोंड करून वादविवादाचे मुद्दे पाठ करत असायचं.

आमची वेळ दुपारची होती. आमच्या आधी दोन संघ असताना टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. दुसरी प्रत माझ्याकडे होती, पण टेपरेकॉर्डर दुसरा नव्हता. तेवढ्यात त्या पलीकडच्या कॉलेजच्या संघातला एक मुलगा आला. त्यांचा क्रमांक आमच्या लगेच मागे. त्याने आपला टेपरेकॉर्डर पुढे केला आणि म्हणाला, "ताई, याचं बटण जरा घट्ट आहे, दोन बोटांनी दाबा." त्यांचा संघ पहिला आला, आम्ही तिसरे. बक्षीस घेताना आमच्या मुलांनी सगळ्यात जास्त शिट्ट्या त्यांच्यासाठी मारल्या. स्पर्धा जोरात करायची आणि तरी समोरच्याची अडचण आपली मानायची, हे मी तिथे शिकले. वर्गात ते कुठल्या धड्यात आलं असतं, मला माहीत नाही.

त्या आठवड्यानंतर माझ्यात इंग्रजीचा नवा साठा आला असं काही झालं नाही. पण परत आल्यावर कॉलेजात मला ओळखणारी पन्नास माणसं होती. प्रयोगशाळेत शंका विचारताना वाक्य चुकलं तरी हसणारं कुणी नव्हतं, कारण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी माझ्याबरोबर सतरंजीवर झोपून मेसची गार खिचडी खाल्ली होती.

आता थोडं या सगळ्या व्यवस्थेबद्दल, कारण आपल्यापैकी अनेकांची मुलं आज कॉलेजात आहेत. विद्यापीठांचे युवक महोत्सव ही काही हौशी मंडळींनी काढलेली टूम नाही. देशातल्या विद्यापीठांतल्या तरुणांनी एकत्र यावं म्हणून पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव 1954 साली दिल्लीत भरला. आज कॉलेजची निवड, मग विद्यापीठाचा महोत्सव, मग पश्चिम विभाग आणि शेवटी राष्ट्रीय महोत्सव, अशी ती शिडी आहे. आपल्या राज्यात कुलपती म्हणजे राज्यपाल. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकारातून तीन राज्यस्तरीय महोत्सव उभे राहिले आहेत. कलांसाठी 'इंद्रधनुष्य', खेळांसाठी 'अश्वमेध' आणि संशोधनासाठी 'आविष्कार'. यात पारंपरिक विद्यापीठांबरोबर कृषी, तंत्रशास्त्र, आरोग्य विज्ञान अशी सगळी विद्यापीठं येतात. म्हणजे डॉक्टर होऊ घातलेली मुलगी लावणी करते आणि पशुवैद्यकीचा मुलगा तिच्याच मंचावर पोवाडा म्हणतो.

एक लहानसा बदल मला फार आवडतो. पूर्वी विद्यापीठात हे काम बघणाऱ्या मंडळाचं नाव 'विद्यार्थी कल्याण' होतं. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने ते 'विद्यार्थी विकास' झालं. कल्याण दुसऱ्याने करायचं असतं, विकास ज्याचा त्याने. आता नव्या शैक्षणिक धोरणात कला, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना अशा सहअभ्यासक्रमांनाही श्रेयांक आहेत. आपल्या वेळी घरी "नाटकात वेळ घालवू नकोस" म्हणायचे. आता तेच पालक "नाटकाचे किती क्रेडिट?" म्हणून विचारतात. चालायचंच.

'आविष्कार' 2006 साली सुरू झाला, म्हणजे आमचं शिक्षण संपल्यावर. पण दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या फेरीला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विद्यार्थी आपलं भित्तिपत्रक किंवा मॉडेल घेऊन उभे राहतात आणि आपण एकेकापाशी जाऊन प्रश्न विचारायचे. भाषेपासून शेतीपर्यंत आणि वाणिज्यापासून औषधनिर्माणशास्त्रापर्यंत सगळे विषय एकाच छताखाली. तिथे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी कांद्याच्या चाळीचं मॉडेल घेऊन उभी होती. चाळीत ओल वाढली किंवा कांदा सडायला लागून वास सुटला, की मोबाइलवर संदेश येईल अशी तिची योजना. सेन्सर स्वस्तातले, जोडणी साधी. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "हे कुणी वापरून पाहिलंय का?" ती म्हणाली, "हो, आमच्या बाबांनी. पहिल्या आठवड्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या. म्हणून आता सगळ्या वायरी पाइपातून घेतल्यात."

मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे यालाच प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा अभिप्राय म्हणतात आणि तो मिळवण्यासाठी मोठ्या बैठका होतात. या मुलीने तो चाळीत बसून मिळवला होता. मी तिला विचारलं, लोकांसमोर बोलायची सवय कुठे लागली? ती म्हणाली, "शाळेत विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी उभी राहायचे." इतकंच तिचं उत्तर होतं, पण माझ्या आजच्या बोलण्याचं मूळ त्यात आहे.

नोकरीत नव्या मुलांच्या मुलाखती घेताना मीही हेच विचारते. गुण कागदावर दिसतातच. मी विचारते, तुम्ही कधी चार लोकांबरोबर असं काही केलंय का, ज्याची तारीख पुढे ढकलता येत नव्हती? कुणी गणपती मंडळाचा हिशेब सांभाळलेला असतो, कुणी कॉलेजच्या स्पर्धेत पाहुण्या संघांची राहण्याची सोय केलेली असते. अशी मुलं अडचण आली की ती लपवत नाहीत, वेळेत सांगतात. ज्याने कधीच असं काही केलेलं नाही तो हुशार असतो, पण पहिल्या मोठ्या गडबडीत गप्प होतो. गप्प झालेला माणूस फार महाग पडतो, हे आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आता जरा अवघड गोष्ट बोलते. विद्यापीठाच्या मंचापर्यंत कोण पोहोचतं? ज्यांना त्याआधी छोटा मंच मिळालेला असतो, ते. कॉलेजच्या निवड चाचणीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शाळेत काहीतरी केलेलं असतं. अठराव्या वर्षी पहिल्यांदा माइक हातात धरणं फार कठीण असतं.

आपल्या तुकडीत खो-खो खेळणारी एक मैत्रीण होती. नाव घेत नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आणि तिला विचारूनच हे सांगते आहे. खो-खोत आठ जणी चौकोनात बसतात आणि एक जण पाठलाग करते. बसलेलीला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. आपल्या या मैत्रिणीला खो मिळाला की समोरच्या संघाचा श्वास अडकायचा. नववीत आपला मुलींचा संघ जिल्ह्यात जिंकला आणि विभागीय सामने बाहेरगावी होते. मुलींबरोबर एक बाई जायला हव्या होत्या. ज्या बाई जाणार होत्या त्यांच्या घरी आजारपण आलं. दुसरी सोय करायची तर जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च कुठून आणायचा हा प्रश्न आला, आणि तोवर नावं कळवायची तारीख उलटून गेली. संघ गेला नाही. यात कुणाचाच दोष नव्हता. बाईंचा नव्हता, खेळाच्या सरांचा तर नव्हताच. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढायची तयारी दाखवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. थोडे पैसे आणि सोबत जाणारी एक बाई, एवढ्यावर गाडं अडलं. दहावीनंतर तिचं खेळणं सुटलं.

अश्वमेधाच्या बातम्यांत खो-खो आणि कबड्डीतल्या मुलींचे फोटो बघितले की मला ती आठवते. ती राज्यपातळीवर खेळलीच असती असं मी म्हणत नाही. खेळाचं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण तिला खो मिळाला नाही, एवढं खरं.

आज शाळेचा सप्ताह एका संध्याकाळीवर आला आहे. मुख्याध्यापकांशी मी सविस्तर बोलले. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. शिक्षक कमी, त्यांच्यावर शाळाबाह्य कामं जास्त, आणि सप्ताहासाठी वेगळा निधी नाही. त्यामुळे बाहेरून नाच बसवणारा येतो, तयार गाणी वाजतात, मुलं दोन तास नाचतात आणि घरी जातात. मुलांना मजा येते, नाही असं नाही. पण पडदा ओढणारा, हिशेब लिहिणारी, खुर्च्या मोजणारा, कॅसेट फिरवणारी, यांना त्यात जागा उरलेली नाही. आपल्यातले बरेच जण तसलेच होतो. स्टेजवर दोन-चार जण होते, बाकी आपण सगळे मागे. आणि मागे राहूनही आपण त्या आठवड्याचे मालक होतो.

म्हणून माझी सूचना. आपला निधी साधारण चार लाखांपर्यंत आला आहे. तो शाळेच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा. मुद्दलाला हात लावायचा नाही. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला 28 हजार रुपये येतात. मोठी रक्कम नाही, पण सप्ताह चार-पाच दिवसांचा करायला आधार म्हणून पुरेल. त्यातला पहिला हक्क प्रवासाचा असावा. कुठलाही संघ बाहेरगावी जायचा असेल तर गाडीभाडं, आणि मुलींबरोबर जाणाऱ्या बाईंचा किंवा एखाद्या माजी विद्यार्थिनीचा खर्च. आपल्यातल्या सहा जणींनी गरज पडली तर सोबत जायची तयारी आत्ताच दाखवली आहे. त्यानंतर विज्ञान प्रदर्शनाचं साहित्य. त्यानंतर तबल्याची शाई आणि पेटीचा भाता. परवा संगीताच्या खोलीत डोकावले, तर पेटी सूर लावायच्या आधीच सुस्कारा टाकते.

एक अट मात्र घालावी असं मला वाटतं. सप्ताहाचा हिशेब आठवी-नववीच्या मुलांनी लिहावा आणि तो सूचनाफलकावर लावावा. बेरीज चुकली तर चुकू दे, सर आहेतच दुरुस्त करायला.

कमानीची सूचना ज्यांनी केली आहे, त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. आपल्या तुकडीचं नाव शाळेवर दिसावं असं कुणाला वाटणार नाही? डिजिटल वर्गाचाही उपयोग आहेच, आणि माझं पोट त्याच धंद्यावर चालतं. पण तसे दोन वर्ग आधीच्या तुकड्यांनी दिलेले आहेत. आपली ठेव कुठे दिसणार नाही, तिच्यावर पाटी लागणार नाही. पण दरवर्षी एखादी मुलगी बाहेरगावच्या मैदानावर उतरेल, एखादा मुलगा मॉडेलपाशी उभा राहून परक्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देईल, आणि चार वर्षांनी विद्यापीठाच्या नोटीसबोर्डसमोर उभा राहिल्यावर त्याला ती यादी अनोळखी वाटणार नाही.

बैठकीत विरोधात बोलणाऱ्यांचंही नीट ऐकू या. वादविवादाचा पहिला नियम याच शाळेने शिकवला आहे. समोरच्याचं पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही.

सर, बाई, तुम्ही आम्हाला सात दिवस वर्गाबाहेर काढून जे शिकवलंत, त्याबद्दल आम्ही तुमचे कायम ऋणी आहोत. माझी पंधरा मिनिटं संपली असावीत, कारण संयोजक घड्याळाकडे बघताहेत. पिठलं-भाकरीचा बेत आहे आणि ताटं मांडायला चार जण हवे आहेत. मागच्या रांगेतल्यांनी आधी उठावं.